कुत्र्याच्या कानासाठी तेल बरं की काढा?

कॅलेंडुला (झेंडूसारखं दिसणारं नारिंगी-पिवळं फूल) मुरवलेलं तेल, किंवा त्याच पाकळ्यांचा काढा आणि त्यात थोडं व्हिनेगर. घरगुती सफाईत प्रश्न बहुतेक या दोहोंतच असतो, आणि दोन्ही फक्त धडधाकट कानासाठी आहेत. कान लाल आहे, वास मारतोय, पू किंवा कॉफीच्या भुकटीसारखी घाण दिसतेय, डोकं एकीकडे कलतंय, तर आधी पशुवैद्याला दाखवा. पडदा फाटलेला असेल तर आत गेलेलं काहीही ऐकण्यावर बेतू शकतं.

तेल झोंबत नाही आणि वाळून घट्ट झालेला मळ छान मऊ करतं. कानाला हात लावू न देणाऱ्या कुत्र्याला सवय लावायलाही ते सोयीचं. पाकळ्या मात्र पूर्ण सुकलेल्या हव्यात. ओलावा राहिला की तेलाला बुरशी धरते.

अडचण अशी की टाकलेलं तेल परत बाहेर येत नाही. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. बोटाला गुंडाळलेलं गॉझ (मलमपट्टीचं जाळीदार कापड) वळणाच्या अलीकडेच थांबतं. पाणी डोकं झटकताना उडून जातं, तेल मात्र भिंतीला धरून राहतं, सुटलेला मळ त्यातच अडकतो आणि आतले केस चिकटून गुंता होतो. शिवाय कानात वाढणारं मॅलासेझिया यीस्ट (एक सूक्ष्म बुरशी) स्निग्धावरच जगतं. पुढे कान दुखला तर डॉक्टरांना दुर्बिणीतून पडद्याऐवजी तेलाचा थर दिसतो. तेलाने कुणाचं कधी भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही, पण माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

काढ्यासाठी १ चमचा सुक्या पाकळ्यांवर २०० मिली उकळतं पाणी ओतून १०-१५ मिनिटं झाकून ठेवा. कॉफी फिल्टरमधूनच गाळा. साध्या गाळणीतून निसटलेले तंतू कानात खाज आणतात. ३ भाग काढा, १ भाग पांढरं व्हिनेगर (५ टक्क्यांचं). फ्रीजमध्ये २ दिवस, नंतर फेकून द्या. वापरताना अंगाइतकं कोमट हवं, गार द्रवाने कुत्र्याला चक्कर येते. कानात साधा ओरखडा असला तरी थांबा, व्हिनेगर झोंबेल आणि पुढच्या वेळी तो कान धरूच देणार नाही.

कानाची पाळी वर धरून सुई नसलेल्या सिरिंजने द्रव सोडा: छोट्या कुत्र्याला १-२ मिली, मोठ्याला ४-५. सिरिंजचं टोक आत खुपसू नका. कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळा, पचपच आवाज आला म्हणजे द्रव खालपर्यंत पोचला. मग झटकू द्या आणि गॉझने पुसा. इअरबड नको, त्याने मळ आणखी आत ढकलला जातो.

काढ्याचा दोष म्हणजे मागे राहणारी ओल. लोंबत्या, केसाळ कानात तीच यीस्टला पोसते, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा कोरड्या गॉझने टिपा. हा आळस करणार असाल तर काढाही नको.

टी ट्री तेल यात कधीही मिसळू नका, ते कुत्र्यांना विषारी आहे. हायड्रोजन पेरॉक्साईडही आतली त्वचा जाळतं.

मळ फारच कडक असेल तर आदल्या रात्री तेलाचे २-३ थेंब, सकाळी काढ्याने धुणं. तेलाला मी एवढीच जागा देईन. लोंबत्या कानांना पंधरा दिवसांतून एकदा पुरे, ताठ कानांना मळ दिसला तरच.