‘अशनि संकेत’: छुटकीला नावं ठेवायच्या आधी हा पिक्चर बघा

आपल्याकडे सत्यजित राय म्हटलं की बहुतेकांची गाडी अपूवर (‘पथेर पांचाली’ वगैरे तीन पिक्चर) येऊन थांबते, फार तर ‘चारुलता’वर. त्यामुळे १९७३ चा ‘अशनि संकेत’ राहूनच जातो. विभूतिभूषण बंदोपाध्यायांच्या कादंबरीवरचा पिक्चर आहे, बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर हे पहिलं बक्षीस मिळालेला, रंगीत आणि पावणेदोन तासांच्या आत संपणारा. इंग्रजीत ‘डिस्टंट थंडर’ नावाने शोधलात तर पटकन सापडेल. पिक्चर दुसऱ्या महायुद्धातला, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचा आहे, पण युद्धाच्या नावाखाली आपल्याला दिसतात ती फक्त विमानं, तीसुद्धा लांबून. नदीवर आलेली नायिका अनंगा वर बघते आणि तिला ती बगळ्यांच्या रांगेसारखी मस्त वाटतात. बस, एवढंच युद्ध.

शीर्षकातली छुटकी म्हणजे यातली तांदळासाठी एका माणसाकडे जाणारी बाई, तिच्याकडे येतोच. पुढे स्पॉयलर आहेत, आधीच सांगतोय.

गंगाचरण (सौमित्र चॅटर्जी) आणि त्याची बायको अनंगा (बबिता, बांगलादेशची नटी) बंगालमधल्या एका खेड्यात नवीन राहायला आलेत. गावात ब्राह्मणाचं घर हे एकच. त्यामुळे हाच शाळामास्तर, हाच भटजी, हाच वैद्य. चष्मा, छत्री, आणि चेहऱ्यावर ‘आपण शिकलेले’ हा भाव. बाजूच्या गावात कॉलऱ्याची भीती म्हणून याला पूजा करायला बोलावतात, तर हा पठ्ठ्या स्वच्छतेचं पुस्तक चाळून जातो, मंत्र म्हणतो आणि वर नदीचं पाणी पिऊ नका, माश्या बसलेलं खाऊ नका असंही सांगून येतो. दक्षिणा, शिधा, बायकोला साडी, सगळं गोळा करून स्वारी घरी. सौमित्रने हे इतकं गोड केलंय की आपल्याला त्याचा रागच येत नाही, उलट हुशार माणूस आहे असं वाटतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग बातमी येते की जपान्यांनी सिंगापूर घेतलं. सिंगापूर कुठे आहे हे गावात कुणालाच धड माहीत नाही, आणि तांदूळ मात्र महाग व्हायला लागतो. ज्यांना इतिहास नकोय त्यांनी हा पॅरा सोडा, पण थोडं माहीत असेल तर पिक्चर जास्त लागतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद. जपानी आले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून इंग्रजांनी किनाऱ्याकडच्या भागातले तांदळाचे साठे आणि लोकांच्या होड्या काढून घेतल्या, ऑक्टोबरमध्ये मिदनापूरकडे मोठं चक्रीवादळ झालं, त्यात लष्कराची खरेदी आणि व्यापाऱ्यांची साठेबाजी, सगळं एकावर एक. म्हणजे धान्य अजिबातच नव्हतं असं नाही, ते खेड्यातल्या माणसाला परवडेनासं झालं. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी नंतर हेच मांडलं.

म्हणूनच पिक्चर हिरवागार आहे. सौमेंदू रॉयचा कॅमेरा बघा, तळी, फुलपाखरं, पावसाळी उजेड, एक फ्रेम कोरडी नाही. तेव्हा काही समीक्षकांनी तक्रार केली होती म्हणे की दुष्काळावरचा पिक्चर इतका सुंदर कसा काय. आपल्या डोक्यात दुष्काळ म्हणजे ७२ चा, भेगा पडलेली जमीन, गुरांचे सांगाडे, खडी फोडायला रोजगार हमीवर गेलेली माणसं. इथे पाऊस पडतोय, झाडं डोलतायत आणि माणसं जंगलात कंद उकरतायत. मला तरी हे जास्त अंगावर आलं.

आता मुद्द्याचं. पिक्चरचा हिरो कागदावर गंगाचरण असेल पण खरा पिक्चर बायकांचा आहे, आणि त्यातही छुटकीचा (संध्या रॉय). अनंगाची ही गावातली मैत्रीण, जरा फटकळ, हसरी. वीटभट्टीवरचा जदू नावाचा एक माणूस तिच्या मागे लागलेला असतो, अर्धा चेहरा भाजलेला, त्याच्याकडे तांदूळ आहे. आधी ती त्याला झिडकारते, नंतर नाही झिडकारत. राय यांनी हे कसं दाखवलंय तर अजिबात न ओरडता. ती जाते, परत येते तेव्हा तिच्याकडे तांदूळ असतो. हिंदी पिक्चरमध्ये अशी बाई एकतर शेवटी मरते नाहीतर वेडी होते, नाहीतर हिरोच्या पायावर डोकं ठेवून माफी मागते, तसलं इथे काहीही होत नाही. ती शेवटी त्याच माणसाबरोबर शहराकडे निघून जाते. निघताना अनंगाच्या पाया पडते, आणि अनंगासुद्धा, जी अख्ख्या गावाची आदर्श वहिनी आहे, तिला एका शब्दाने हिणवत नाही.

आणि इथे मला गंगाचरण परत आठवला. विश्वास नसलेली पूजा सांगून शिधा घेणारा, गावाच्या अडाणीपणावर आपलं बस्तान बसवणारा. पोट भरलेलं असताना तो हे करतो आणि त्याला कुणी तडजोड म्हणत नाही, त्याला भिक्षुकी म्हणतात. छुटकी उपाशी असताना जे करते त्याला मात्र लगेच नाव आहे. हिशेब लावायचाच तर आधी कुणाचा लावायचा? बरं, अनंगा दुसऱ्याकडे भात कांडायला जायचं म्हणते (पायाने दाबून चालवायची ती लाकडी ढेकी असते ना, त्यावर) तर ह्या महाशयांना ब्राह्मणाच्या बायकोने मजुरी करायची म्हणून कमीपणा वाटतो. तांदूळ संपत आल्यावर तोही विरतो. बाजारात तांदळाच्या दुकानावर झुंबड उडते तिथे आपले पंडितजी सगळ्यांबरोबर धक्के खातात, तो सीन जबरदस्त आहे.

गंगाचरण बदलतो हेही सांगायला हवं. मोती नावाची अस्पृश्य बाई त्यांच्या घराजवळ झाडाखाली भुकेने मरून पडते, शिवायचं कुणी हा प्रश्न, तर हा जाऊन तिचा हात हातात घेऊन नाडी बघतो. कसलंही भाषण नाही की वर म्युझिक चढवलेलं नाही. नुसता हात धरतो.

एक सीन मला नीट पटला नाही. बायका कंद खणायला जंगलात जातात आणि एक परका माणूस अनंगावर हात टाकतो. छुटकी मागून येऊन त्याच्या डोक्यात घालते, तो मरतो. पोलीस नाही, पंचायत नाही, नवऱ्याला सांगायचं नाही, विषय बंद. बायकांचं हे आपापसातलं गप्प राहणं मला आवडलं, भुकेच्या दिवसांत खूनसुद्धा कामांच्या यादीत जाऊन बसतो. पण तो माणूस फारच कुठूनतरी उगवतो, सिगरेट ओढणारा दुष्ट माणूस एवढंच त्याचं काम. जदू कसा नकोसा वाटतो, त्याच वेळी बिचाराही वाटतो, तसं ह्याचं काही नाही. घाईत उरकलाय तो भाग.

बबिताबद्दल थोडं कुरकुरतो. काम छान, डोळे बोलके, पण शेवटपर्यंत ती फारच टवटवीत दिसते. आजूबाजूचे लोक पाला खातायत आणि हिच्या भुवया जशाच्या तशा कोरीव. संध्या रॉय त्या मानाने खरी वाटते, तिच्या चेहऱ्यावर भूक दिसते.

शेवटी पाटी येते की या मानवनिर्मित दुष्काळात आणि साथींत ५० लाखांवर माणसं गेली. हल्ली अभ्यासक साधारण ३० लाखांच्या आसपास बोलतात, सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख म्हटलं होतं, तेव्हा तो आकडा जरा तपासून घ्या. त्याआधीचा संवाद मात्र अगदी नेमका आहे. एक म्हातारा ब्राह्मण आपलं अख्खं कुटुंब घेऊन ह्यांच्याच दारी येतोय, गंगाचरण म्हणतो आता दोनाचे आपण दहा होणार, आणि अनंगा म्हणते अकरा. तिला दिवस गेलेत हे त्याला असं कळतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या जंगलातल्या व्हिलनचा कापलाय. सुरुवातीची वीसेक मिनिटं संथ आहेत, तिथे मोबाईल हातात घेऊ नका, सगळी माणसं तिथेच मांडलीयत. प्रिंट जरा चांगली शोधा, फिकट प्रिंटवर ती हिरवाई मातकट दिसते आणि मग अर्धा पिक्चर गेलाच म्हणून समजा.