आमच्या पतसंस्थेचे ध्वनिमुद्रित फोन: वर्षभराचा अनुभव

सांगलीतील ज्या पतसंस्थेत आमच्या घरच्यांची खाती आहेत, तिने गेल्या वर्षी खातेदारांना ध्वनिमुद्रित संदेशाचे फोन सुरू केले. ठेवीची मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी येणारा फोन खरोखर उपयोगाचा आहे. संदेश स्वच्छ मराठीत असतो, अर्ध्या मिनिटात संपतो आणि मोतीबिंदूमुळे एसएमएस वाचता न येणाऱ्या माझ्या आईला त्याचा आधार वाटतो.

तक्रार आहे ती त्याच आवाजात येणाऱ्या सोनेतारण कर्जाच्या जाहिरातींविषयी. दुपारी आईचा डोळा लागलेला असताना फोन वाजतो, ती धडपडत उठते, "अहो, जरा थांबा, पेन घेऊन येते," असे त्या यंत्राला सांगून टेबलाकडे जाते आणि परत येईपर्यंत फोन बंद झालेला असतो. मग आपली ठेव बुडाली की काय, या धास्तीने ती मला दुकानात फोन करते. पावसाळ्यात तर कहर झाला. कोयनेतून विसर्ग वाढलेला, आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांच्या इशारा पातळीकडे चढत असलेली, सांगलीवाडीतल्या बहिणीच्या फोनकडे आमचे कान लागलेले, आणि फोन उचलावा तर कमी व्याजदराची सुवर्णसंधी! (घंटागाडीचे गाणेही ध्वनिमुद्रितच असते, पण ती निदान कचरा तरी घेऊन जाते.)

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच यायला हवेत आणि 1909 वर नोंद करून ते बंदही करता येतात. हे फोन मात्र साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येतात. अशा फोनची तक्रार करण्यासाठी पूर्वी 3 दिवसांची मुदत होती, ती 2025 च्या दुरुस्तीने 7 दिवसांची झाली आहे.

शाखेत विचारले असता, यादी एकच असल्याने नाव काढल्यास ठेवीची आठवणही बंद होईल, असे उत्तर मिळाले. खाते उघडताना आम्ही क्रमांक दिला तो खात्याच्या कामासाठी. त्याच्या आधारे कर्ज विकण्याची परवानगी कोणी मागितली नव्हती आणि आम्ही दिलीही नव्हती. दोन याद्या वेगळ्या करणे संगणकाला अवघड नसावे.

ठेवीच्या फोनला पाचपैकी चार तारे, जाहिरातीच्या फोनला एकही नाही. मी माझे नाव काढून घेतले. आईने तिचे ठेवले आहे आणि फोनशेजारी आता दोऱ्याने पेन बांधले आहे.