ब्रूटस घ्यावा की टायबेरियस?

देनारियस या रोमन चांदीच्या नाण्याची एकच प्रतिकृती घ्यायची असेल, तर बहुतेकांचा हात आधी ब्रूटसकडे जातो. छाप्यावर त्याचा चेहरा, काट्यावर दोन खंजीर, मधे टोपी, खाली ‘ईद मार’. म्हणजे १५ मार्च, इ.स.पू. ४४, ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझरला भोसकलं तो दिवस. टोपी गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची, म्हणजे स्वातंत्र्याची खूण. खून करून त्याचं नाणं पाडायचं, ही हिंमतच म्हणायची! गंमत म्हणजे सीझरने जिवंतपणी नाण्यावर तोंड आणलं, हे त्याच्या राजेपणाच्या हव्यासाचं लक्षण मानलं गेलं होतं. दोन वर्षांत ब्रूटसनेही तेच केलं. इ.स.पू. ४२ मध्ये ग्रीसमधल्या फिलिपीच्या लढाईत तो हरला आणि नाणी पाडणंही तिथेच संपलं.

रोमन सम्राट टायबेरियसचं (कारकीर्द इ.स. १४ ते ३७) देनारियस त्यापुढे सपक. काट्यावर खुर्चीत बसलेली बाई, बहुधा त्याची आई लिविया. पण हे नाणं चाललं किती! ‘कैसराचे (म्हणजे सम्राटाचे) ते कैसराला द्या’ म्हणताना येशूने दाखवायला सांगितलेलं नाणं हेच, असं परंपरेने मानतात. मिरीच्या व्यापारात ते दक्षिण भारतात ढिगाने आलं. तिथे सापडलेल्या काही नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. तो घाव बाजारातल्या प्रतिकृतीवर मला कधी दिसला नाही. आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांवरून घडवलेली, गळ्यात घालायची मातीची पदकं मिळाली आहेत. म्हणजे नक्कल करण्याची हौस आपल्याकडे जुनीच.

माझं मत टायबेरियसला. भेट द्यायची असेल तर मात्र ब्रूटस. खंजीर दाखवले की गोष्ट आपोआप सुरू होते.

कुठलंही घ्या, ते साच्यात ओतलेलं आहे की ठशांनी ठोकलेलं, ते बघा. ओतलेल्याची कड बोटाने चाचपली तर जोडाची रेघ किंवा कानस मारल्याच्या खुणा लागतात, भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत. ठोकलेल्याची अक्षरं धारदार, चेहरा थोडा एका बाजूला सरकलेला, कड कुठे तडकलेली. खरी नाणीही अशीच असत. पैसे जास्त लागतात, पण लागू द्या. खरं देनारियस पावणेचार ग्रॅमच्या आसपास असतं. शिशाचं भारी किंवा हलक्या धातूचं पोचट नाणं हातात घेताच कळतं.

अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशा नाण्यांवर ‘कॉपी’ असं उठवावं लागतं. तो शब्द दिसायला खुपतो, तरी असलेलंच घ्या. उद्या नातवाने ते खरं समजून सराफाकडे नेलं तर त्याची फजिती व्हायला नको.