बाथ, चॉटन, हायक्लेअर की हॉवर्थ?

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला आलेल्या आईबाबांना कुठे न्यायचं, हा प्रश्न इथल्या मराठी घरांत दर वर्षी पडतो. बिग बेन झालं, टॉवर ब्रिज झाला, मादाम तुसाँ नको नको म्हणत झालं. मग कोणीतरी म्हणतं, "ते डाऊन्टन ॲबीमधलं घर बघू या ना." आणि घरात जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या कोळून प्यायलेली एखादी मावशी असेल, तर तिला त्या घराशी काही देणंघेणं नसतं. पडद्यावर दिसलेली जागा आणि लेखकाची जागा सहसा एक नसते. तुम्हाला कुठली बघायची आहे, ते आधी घरात ठरवा. तिकिटं नंतर काढा.

हा फरक लंडनमध्येच दिसतो. बेकर स्ट्रीटवर २२१बी ही पाटी लावून शेरलॉक होम्सचं म्युझियम १९९० पासून उभं आहे. पण बेनेडिक्ट कंबरबॅचच्या मालिकेत दिसतं ते दार युस्टनजवळच्या नॉर्थ गॉवर स्ट्रीटवरचं. पहिल्याला तिकीट आणि रांग, दुसऱ्याला नुसता फोटो. एका दुपारीत दोन्ही उरकतात, म्हणून ती या तुलनेत धरत नाही.

एकच दिवस असेल आणि बरोबर चौघे असतील, तर मी बाथ सांगेन. पॅडिंग्टनहून साधारण दीड तासात बाथ स्पा स्टेशनवर उतरायचं आणि पुढचं सगळं पायी. ब्रिजर्टन मालिका बघणाऱ्यांसाठी रॉयल क्रेसेंट आहे : अर्धवर्तुळात तीस घरं, १७६७ ते १७७४ या काळात बांधलेली. त्यातलं पहिलं घर म्हणजे मालिकेतलं फेदरिंग्टनांचं, पण फक्त बाहेरून. आत अठराव्या शतकातल्या श्रीमंत घराचं म्युझियम आहे, आणि ते मालिकेशिवायही बघण्यासारखं आहे. लेडी डॅनबरीचा वाडा म्हणजे होलबर्न म्युझियम. कोणालाच मालिकेत रस नसला तरी रोमन बाथ्स आहेतच, त्यामुळे दिवस फुकट जाण्याची भीती नाही. स्टेशनकडून क्रेसेंटकडे जाताना मात्र चढ लागतो, गुडघ्यांचा त्रास असेल तर टॅक्सी करा.

ऑस्टिनसाठी बाथला जाणार असाल तर जरा थांबा. ती इथे १८०१ ते १८०६ राहिली, दोन कादंबऱ्यांत हे शहर आहे, गे स्ट्रीटवर तिच्या नावाचं सेंटर आहे, सप्टेंबरात त्या काळचे पोशाख घालून लोक मिरवणूकही काढतात. पण इथल्या वर्षांत तिच्या हातून फारसं लिहून झालं नाही. सुरू केलेली एक कादंबरी तिने अर्धवट सोडली.

तिची खरी जागा हॅम्पशरमधलं चॉटन. १८०९ मध्ये भाऊ एडवर्ड याने आई आणि बहिणींना हे विटांचं घर राहायला दिलं. एडवर्डला श्रीमंत नाइट घराण्याने दत्तक घेतलं होतं, म्हणून त्याच्याकडे द्यायला घर होतं. सहाही कादंबऱ्या छपाईला तयार झाल्या त्या इथेच, काही जुने खर्डे दुरुस्त करून, काही नव्याने लिहून. जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल ठेवलंय. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं, आणि इतकं लहान की त्यावर दौत आणि एखाद-दुसरा कागद मावावा. आपल्याकडे तुळशीपुढे दिवा ठेवायला यापेक्षा मोठा पाट घेतात. खोलीचं एक दार करकरायचं, आणि ते दुरुस्त करू नका असं तिने सांगितल्याचं तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय, म्हणजे कोणी येतंय हे आधी कळून कागद झाकता येत.

वॉटर्लूहून ऑल्टनला गाडीने सव्वा तास, तिथून चॉटनला अर्ध्या तासाहून थोडी जास्त सपाट चाल. घर दीड-दोन तासांत बघून होतं. उरलेल्या वेळात ऑल्टनहून बसने विंचेस्टर गाठा. तिथल्या कॅथेड्रलमध्ये तिची समाधी आहे, आणि त्या शिळेवर ती कादंबरीकार होती याचा उल्लेखसुद्धा नाही. पुस्तकं न वाचलेल्या माणसाला मात्र चॉटनला ओढून नेऊ नका. त्याला ते एक जुनं घर वाटेल, आणि त्याचं चुकणारही नाही.

हायक्लेअर हे उलट टोक. न्यूबरीपर्यंत गाडी, पुढे टॅक्सी, आणि समोर डाऊन्टन ॲबी मालिकेतलं ते घर जसंच्या तसं. ब्रिटिश संसदेची इमारत उभारणाऱ्या चार्ल्स बॅरीनेच याला हे रूप दिलं. दिवाणखाना, ग्रंथालय, जेवणघरातलं व्हॅन डाइकचं घोड्यावरच्या राजाचं चित्र, सगळं ओळखीचं. फक्त नोकरांचं स्वयंपाकघर शोधू नका, तो सेट लंडनच्या ईलिंग स्टुडिओत होता. गावही इथे नाही, ते ऑक्सफर्डशरमधल्या बॅम्प्टनमध्ये चित्रित झालं. तळघरातलं इजिप्तचं प्रदर्शन मात्र चुकवू नका. तुतनखामेनच्या थडग्याचा शोध हॉवर्ड कार्टरने १९२२ मध्ये लावला, तो या घराच्या पाचव्या अर्लच्या पैशावर.

अडचण तारखांची. घर वर्षभर उघडं नसतं. मुख्य हंगाम जुलै ते सप्टेंबरची सुरुवात, शिवाय ईस्टरच्या आसपासचे काही दिवस. आगाऊ बुकिंग लागतं. आत फोटो काढू देत नाहीत, हे आईबाबांना आधीच सांगा, नाहीतर परतीच्या प्रवासात तेवढाच विषय.

राहिलं हॉवर्थ, शार्लट, एमिली आणि ॲन या कादंबरीकार ब्रॉन्टे बहिणींचं यॉर्कशरमधलं गाव. एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, शहाणपणाचं नाही. किंग्ज क्रॉसहून लीड्स, तिथून कीथली, पुढे बस किंवा हंगामात वाफेच्या इंजिनाची गाडी. रस्ता चढाचा आणि दगडी. वर चर्च, चर्चमागे दाटीवाटीचं कब्रस्तान आणि त्याला लागूनच त्यांच्या पाद्री वडिलांचं घर, १९२८ पासून म्युझियम. १८५० च्या सरकारी अहवालात या गावात मृत्यूचं सरासरी वय सव्वीससुद्धा भरलं नव्हतं, पाणी दूषित होतं. तो आकडा वाचून घरात शिरलात की तिघींच्या आयुष्याकडे बघायची नजर बदलते. जेवणाच्या टेबलावर शाईचे डाग आहेत, मधोमध मेणबत्तीने जळलेली खूण आहे आणि एक छोटं इंग्रजी ई कोरलेलं आहे. संध्याकाळी तिघी या टेबलाभोवती फेऱ्या मारत लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवायच्या.

एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स' कादंबरीतलं घर म्हणून ओळखलं जाणारं, माळावरचं टॉप विदन्स हे पडकं शेतघर बघायला जाऊन-येऊन बारा किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. वाटेवर जपानीतसुद्धा पाट्या आहेत. भिंतीवरचा ब्रॉन्टे सोसायटीचा फलक मात्र प्रामाणिक आहे : एमिलीने वर्णन केलेल्या वास्तूशी या घराचं साम्य कधीच नव्हतं, असं तो सांगतो. तरी लोक जातात, आणि जावं. वारा मात्र तिने लिहिला तसाच आहे. जाताना जाड जॅकेट घ्या, जुलै असला तरी. रात्र गावात किंवा लीड्सला काढा, आणि जानेवारीत येऊ नका, म्युझियम सहसा बंद असतं.

साठी ओलांडलेल्या पाहुण्यांनाही सीनियर रेलकार्ड मिळतं, भाड्यात एक तृतीयांश सूट. फक्त लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना ते चालत नाही, तेव्हा चॉटनला निघायचं तर चहा-पोहे घरीच आटपून निवांत निघा.