पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं वह्या-पुस्तकांचं दुकान: नववीच्या इंग्रजीच्या बाईंचा अनुभव

सतरा वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी या दुकानात एक फेरी ठरलेली असते. यंदा वर्गासाठी ४२ शब्दवह्या आणि दहा छोटे इंग्रजी-मराठी कोश घ्यायचे होते.

काउंटरवरच्या काकांनी पहिल्यांदा विचारलं, "बाई, मुलं शाईपेन वापरतात की जेल?" मी शाईपेन म्हटल्यावर त्यांनी दोन प्रकारच्या वह्या पुढे ठेवल्या. शेवटच्या पानांवर माझ्याच पेनाने लिहायला लावलं आणि पानं उलटून दाखवली. स्वस्त वहीत शाई थेट मागे उतरली होती. दुसरी सात रुपयांनी महाग होती, तीच घेतली. पहिल्या आठवड्यात मुलांनी पाठपोट लिहिलं, तरी अक्षर स्वच्छ दिसतंय.

कोशांच्या बाबतीत त्यांनी विचारलं, "मुलांचं अडतं कुठे, वाचायला की लिहायला?" इतका नेमका प्रश्न मला प्रशिक्षणातही कुणी विचारला नव्हता. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझी मुलं आठ वर्षं इंग्रजी शिकून नववीत येतात. तरी "उभी राहून वाच" म्हटलं की मान खाली जाते. दहावीला बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा, त्यामुळे सगळ्यांचा जीव लिहिण्यात. 'नाइफ'मधला 'के' लिहिताना बरोबर येतो, पण मोठ्याने वाचताना त्याचं काय करायचं ते कळत नाही, मग मूल गप्पच बसतं.

हे सांगितल्यावर काकांनी देवनागरीत उच्चार दिलेला कोश काढून दिला. देवनागरी उच्चारांनी मुलं बिघडतात, असं आमच्यातले काही शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. जे मूल तोंडच उघडत नाही, त्याला आधी शब्द उच्चारायचं धाडस हवं. त्यातले बारकावे मी वर्गात शिकवीन.

एका कोशात सोळा पानांचा फॉर्मा दोनदा बांधला गेला होता आणि पुढची पानं गायब होती. मी खरेदी करताना चाळून पाहायला हवं होतं, पण गर्दी फार होती. पुढच्या शनिवारी नेला तर बिलही न विचारता बदलून दिला. वह्यांवर दहा टक्के सूट मिळाली, पाठ्यपुस्तकं मात्र छापील किमतीलाच. घरपोच सेवा नाही, दोन गठ्ठे रिक्षात घालून आणावे लागले. जूनमध्ये शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, अर्धा तास ताटकळत उभं राहावं लागतं आणि बसायला स्टूलसुद्धा नाही. गाडी तर आणूच नका. मंडई मेट्रो स्टेशनवर उतरून चालत या.

पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडत नाही. सुट्टीवर पाच वाक्यं लिहून घेते आणि ते कागद मार्चपर्यंत जपून ठेवते. यंदा ते लिहिताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा कोश चाळत बसला होता. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "बाई, घरी नेऊ का?" दोन दिवसांनी परत आणला, तर त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. आता आणखी तिघी रांगेत आहेत, म्हणून अजून पाच कोश हवेत. बुधवारी शाळा सुटली की परत त्याच काकांकडे जाणार आहे.