रिंग जाड, पुस्तिका ढिसाळ, तरीही हे किट घ्या

बारावीच्या भौतिकशास्त्रात पहिलाच धडा फिरणाऱ्या वस्तूंचा आहे. नातीची सूत्रं तोंडपाठ होती, पण फळीवरून रिंग आणि तबकडी एकदम सोडली तर रिंग मागं पडते हे तिनं डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान आहे म्हणे, कपाटात. कपाटाला कुलूप. म्हणून खोक्यावर ‘रोटेशन, ग्रॅव्हिटी, एनर्जी’ असं छापलेलं एक किट ऑनलाइन मागवलं. साडेतीन हजारांच्या आसपास पडलं. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. अशा घडणीची किटं वेगवेगळ्या लेबलांखाली मिळतात, खालची मापं ताडून बघा म्हणजे तुमचं तेच का ते कळेल.

मी आयुष्यभर आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवला. त्यामुळं खोकं उघडल्यावर लोक पुस्तिका काढतात, तसा मी मापं घ्यायचा व्हर्निअर काढला.

सामान असं: सव्वा मीटरची गुळगुळीत लॅमिनेटची फळी, तिच्या कडेला बसवलेली अॅल्युमिनियमची चॅनल, ६० मिलिमीटर व्यासाची स्टीलची तबकडी, तेवढ्याच व्यासाची रिंग, २५ मिलिमीटरचा भरीव स्टीलचा गोळा, टेबल टेनिसच्या चेंडूसारखा एक पोकळ प्लॅस्टिकचा गोळा, दोन दोऱ्यांवर लटकणारं मॅक्सवेलचं चाक आणि त्याचा स्टँड, पितळी जायरोस्कोप, ओळंब्यासारखा पितळी लोलक आणि एक स्वस्तातलं स्टॉपवॉच. स्टॉपवॉच बाजूला ठेवा, ते लागणार नाही. का ते सांगतो.

पुस्तिका म्हणते, एकेक वस्तू उतारावरून सोडा, वेळ मोजा, तक्ता भरा. मीटरला १० सेंटिमीटर चढ दिला तर भरीव गोळ्याला एक मीटर यायला १.६९ सेकंद लागायला हवेत आणि तबकडीला १.७५. म्हणजे फरक सहा शतांश सेकंदांचा. बटण दाबणारा अंगठा त्याच्या तिप्पट वेळ तर नुसता दचकण्यात घालवतो. पोरं तक्ता भरतात खरी, पण पुस्तकातलं उत्तर आधी बघून.

याऐवजी सगळ्या वस्तू एकाच पट्टीमागून एकदम सोडा, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा आणि भरीव गोळा शंभर सेंटिमीटरच्या रेघेवर आला त्या क्षणी चित्र थांबवा. बाकीचे कुठं आहेत ते फुटपट्टीवर वाचा. वेळ सगळ्यांचा एकच असल्यामुळं अंतरांचं गुणोत्तर म्हणजे थेट त्वरणांचं गुणोत्तर. त्यातून उताराचा कोनही निघून जातो आणि ‘जी’, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, तेसुद्धा. हिशेबानं तबकडी ९३ सेंटिमीटरवर हवी, पोकळ गोळा ८४ वर आणि रिंग ७० वर. सहा शतांश सेकंद डोळ्याला दिसत नाहीत, पण सात सेंटिमीटर शेंबड्या पोरालाही दिसतात. मोजताना प्रत्येकाची पुढची कड धरा, कारण व्यास वेगवेगळे असले तरी सुरुवातीला पट्टीला टेकलेली असते ती पुढचीच कड.

कारण ऊर्जेच्या वाटणीत आहे. उंचीवरून मिळणारी ऊर्जा ज्याच्या त्याच्या वजनाच्या प्रमाणात, त्यात कुणाला सवलत नाही. खर्च मात्र दोन खात्यांत होतो, पुढं सरकणं आणि स्वतःभोवती फिरणं. भरीव गोळ्याचे २/७ फिरण्यात जातात, तबकडीचा तिसरा हिस्सा, पोकळ गोळ्याचे २/५ आणि पातळ रिंगचा निम्मा. वस्तुमान आसापासून जितकं लांब, तितकी ती फिरवायला महाग. ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलचा सगळा भार कडेला ओतलेला असतो तो याचसाठी. फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच धक्का मिळतो, उरलेला वेळ ती जड कड गाडा ओढते. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीत सूत्र न शिकलेला मोल्डरही हे जाणतो.

आता तक्रारी. पहिल्याच फेरीत गोळा तबकडीच्या मागं राहिला. नात म्हणाली, “आजोबा, पुस्तकात तर गोळा पहिला येतो की!” पुस्तक बरोबर आहे. चूक चॅनलची आहे. पुस्तिकेनुसार गोळा चॅनलमधून सोडायचा. चॅनलचं आतलं अंतर १५ मिलिमीटर, त्यामुळं गोळा तळाला न टेकता दोन कडांवर बसतो आणि त्याची लोळण्याची त्रिज्या साडेबाराऐवजी दहाच राहते. तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फिरावं लागतं, ऊर्जेचा मोठा वाटा फिरण्यात जातो. न लोळता नुसत्या घसरणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या ५/७ च्या जागी त्याचं त्वरण ८/१३ होतं, तबकडीच्या २/३ पेक्षाही कमी. पुस्तिकेत याबद्दल चकार शब्द नाही. चॅनल सोडून द्या, गोळा सपाट फळीवरच सोडा. फळी आडवी पाणसळीत आहे ना तेवढं बघा, नाहीतर तो तिरका जातो.

दुसरी तक्रार रिंगची. बाहेरचा व्यास ६०, आतला ५०, म्हणजे जाडी ५ मिलिमीटर. ७० सेंटिमीटरचा आकडा येतो तो जाडी नगण्य असलेल्या रिंगचा. या जाडीला हिशेब ७६ वर जातो, आणि आमची रिंग ७६ वरच दिसली. रिंग चांगली आहे हो, व्हर्निअरनं कुठंही मोजा, गोल आहे. पुस्तिकेत तिच्या नावापुढं ‘१/२’ छापणं चूक आहे. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आत बोअर मारून घेतला, भिंत एक मिलिमीटरची ठेवली. मग ७१. नातीनं वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि का ते स्वतः काढलं. साडेतीन हजारांतले निम्मे तिथंच वसूल झाले असं मी धरतो.

पुस्तिका उतार ३० अंशांचा ठेवायला सांगते. तो ठेवू नका. तेवढ्या उतारावर पातळ रिंग न घसरता लोळायची तर घर्षणांक किमान ०.२९ हवा, आणि या गुळगुळीत लॅमिनेटवर स्टील तेवढं धरत नाही. रिंग घसरली की सगळा हिशेब मोडतो. प्लॅस्टिकचा गोळा ८४ ऐवजी थोडा मागंच राहील. तो हलका आहे, हवा त्याला आडवी येते. तिथं किटला दोष देऊ नका.

किटमधली सगळ्यात भारी चीज मॅक्सवेलचं चाक. एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, १२० मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची चकती, वजन ४४४ ग्रॅमच्या आसपास, मधे बारीक आस. दोन्ही बाजूंना दोरा गुंडाळून सोडायचं. दोऱ्याची जाडी धरून आसाची त्रिज्या ३ मिलिमीटर. हे चाक अर्धा मीटर खाली यायला साडेचार सेकंद घेतं. तेवढ्याच उंचीवरून दगड टाकला तर तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात जमिनीवर. राहिलेली ऊर्जा कुठं जाते ते दिसायला काही लागत नाही, चाक गरगरत असतं. साडेनव्याण्णव टक्के फिरण्यात, अर्धा टक्का उतरण्यात. तळाला दोरा संपला की चाक तसंच फिरत दोरा उलट गुंडाळत वर चढतं, दर फेरीला थोडं कमी.

पुस्तिका इथं थांबते, आणि खरी गंमत पुढं आहे. अख्खा स्टँड स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर ठेवा. चाक खाली येताना काटा दोन ग्रॅम कमी दाखवतो. खाली पडतंय, म्हणून दोऱ्यावर भार कमी, हे पटतं. मग चाक वर चढायला लागतं. आता काटा जास्त दाखवेल असं घरातला प्रत्येक माणूस पैजेवर सांगतो. नाही! चढतानाही दोन ग्रॅम कमीच. चढताना त्याचा वेग कमी कमी होत असतो, म्हणजे त्वरण तेव्हाही खालच्याच दिशेला. जास्त दाखवतो तो फक्त तळाला धक्का बसतो त्या क्षणी. डिप्लोमा झालेले माझे जावईसुद्धा पैज हरले. त्यांचं नाव इथं येणार नाही, घरात राहायचंय.

लोलकाकडं वळू. ओळंबा सुबक आहे, दोऱ्याचं छिद्र बरोबर मधोमध. पण पुस्तिका म्हणते, ‘जी’ची किंमत ९.८१ यायला हवी. कोल्हापुरात कशी येईल? विषुववृत्तावर ती ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२, आणि आपल्याकडं अक्षांश व उंची धरून ९.७८. म्हणजे येता-जाता दोन सेकंद घेणारा लोलक ९९.४ नाही, ९९.१ सेंटिमीटरचा हवा. तीन मिलिमीटर! लेथवर एवढ्याला जॉब भंगारात जातो. फक्त ५० झोके मोजून हा फरक पकडता येत नाही, तो हाताच्या चुकीत बुडतो. २०० झोके मोजलेत तर सेकंदाच्या सहा दशांशांचा फरक दिसतो. कोन पाच अंशांच्या आत ठेवा.

हा फरक माणसांनी पहिल्यांदा घड्याळातूनच पकडला. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये नीट चालणारं त्याचं लोलकाचं घड्याळ तिथं रोज सुमारे अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. लोलक तोकडा करावा लागला. पुढं न्यूटननं त्याचा अर्थ लावला. पृथ्वी फिरते, त्यामुळं विषुववृत्तावर ‘जी’ ०.०३४ नं कमी भासतो, आणि फिरल्यामुळंच ती मध्यावर फुगलेली असल्यानं उरलेला फरक पडतो. पुस्तिकेनं फिरणं, गुरुत्वाकर्षण आणि ऊर्जा असे तीन विभाग पाडलेत आणि त्यांची एकमेकांशी ओळखही करून दिलेली नाही. ही गोष्ट एका पानात छापली असती तर तिन्ही एकत्र आले असते.

जायरोस्कोप ठीकठाक. त्याला डायल गेज लावून बघितला, कडेला आऊट आहे, म्हणजे कड नेमकी मध्याभोवती फिरत नाही, त्यामुळं जोरात फिरवला की थरथरतो. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दोन्ही टोकांना दिल्यावर सुधारला. बघायचं ते एवढंच की एका टोकावर टेकवला तर तो पडत नाही, गोल गोल फिरत राहतो आणि चाक मंदावेल तसं ते गोल फिरणं वेगवान होतं. चाकाचा कोनीय संवेग (फिरण्याचा साठा) कमी झाला, वजनाचं आघूर्ण (वळवणारा जोर) तेवढंच राहिलं. पोरांना हे उलटं वाटतं, म्हणून वहीत लिहून घ्यायला लावा.

मॅक्सवेलच्या चाकाचा दोरा किटमधला वापरू नका. तो पिळाचा सुती दोरा आहे, पीळ सुटला की चाक आपोआप वळतं. मासेमारीचा विणलेला दोरा घ्या. विकणाऱ्याकडं पुस्तिकेबद्दल लेखी कळवलं, तर त्यांनी एक नवी पुस्तिका पाठवली. तीच.

घरासाठी एक संच पुरतो. शाळेला घ्यायचा असेल तर वर्गाला पाच-सहा संच मागवण्यात पैसे घालवू नका. एक मागवा, आणि गावातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून ६० मिलिमीटरच्या तबकड्या, एक मिलिमीटर भिंतीच्या रिंगा आणि १२० मिलिमीटरची चाकं करून घ्या. चाकाचा बोअर आणि बाहेरचा व्यास मात्र एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा. लेथच्या चकमधून, म्हणजे पकडीतून, काढून पुन्हा लावला तर आस मध्यात राहत नाही, चाक डुलत उतरतं आणि दोरा एका बाजूला सरकतो.