भयकथा कानाने तपासताना : वाचून दाखवणाऱ्या ॲपचा काही महिन्यांचा अनुभव

वर्गणी परस्पर रिन्यू झाली, पैसे कापले गेले आणि माझी तक्रार मात्र जिथल्या तिथे. म्हणून हे लिहितेय. मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपमध्ये काय काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. माझं काम एकच होतं: स्वतःच्या छोट्या भयकथा आणि डार्क फँटसी (भीतीची छटा असलेल्या कल्पित जगातल्या कथा) दुसऱ्यांना वाचायला देण्याआधी कानाने तपासायच्या.

माझं भांडण विरामाशी आहे. या दोन ओळी बघा:

दाराला आतून कडी होती.

कोणीतरी ती हळूहळू काढत होतं.

इथली सगळी भीती दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे. ॲप मात्र पहिलीवरून थेट दुसरीवर घसरतं. तीन टिंबं दिली तरी तेच. प्रसंग बदलताना तीन फुल्या टाकल्या, तर त्या मात्र एकेक करून मोठ्याने वाचतं! सपोर्टचं उत्तर ठरलेलं: नेट तपासा, ॲप पुन्हा इन्स्टॉल करा. रेकॉर्डिंग पाठवलं, तर तक्रार ‘निकाली’ दाखवून बंद केली. हे जमण्यासारखं नसतं तर मी गप्प बसले असते. पण यंत्राच्या आवाजाने कुठे किती मिलिसेकंद थांबायचं हे सांगण्याची सोय वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या एसएसएमएल या मानकात (मजकूर कसा वाचायचा याच्या खुणांची पद्धत) २००४ पासून आहे. ती पैसे भरणाऱ्याच्या हाती द्यायला काय हरकत आहे?

आता मत कुठे बदललं ते सांगते. या ॲपचा भावपूर्ण आवाज मला फार आवडला होता. थरारक जागी तो खाली उतरतो, कुजबुजतो. त्या आवाजात माझी प्रत्येक कथा दमदार वाटायची. विरामावरून वैतागून एकदा फोनमधल्या गूगलच्या फुकट मराठी आवाजात तीच कथा लावली. रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा सपाट सूर, आणि निम्मी कथा तिथेच पडली. घाबरवत होता तो आवाज. वाक्यांत तेवढा दम नव्हता.

तेव्हापासून सपाट आवाजच वापरते. ‘तेवढ्यात’ लागोपाठच्या परिच्छेदांत आलं की लगेच खटकतं. ‘भयाण, काळाकुट्ट, जीवघेणा अंधार’ ऐकताना कंटाळा येतो, मग त्यातला नुसता अंधार ठेवते. कथा एका बैठकीत संपावी, नाहीतर परिणाम तुटतो, हे अमेरिकन भयकथाकार एडगर ॲलन पोने १८४६ मध्ये मांडलं होतं. हजार शब्द ऐकायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात मन जिथे भरकटलं तिथे कात्री लावायची.

डार्क फँटसीला तर याचा फारच उपयोग होतो. वारक आणि वाराक्ष ही दोन पात्रं कागदावर वेगळी दिसतात, ऐकताना एकमेकांत मिसळतात. शिवाय च, ज, झ यांचे आपल्याकडे दोन-दोन उच्चार. नव्याने रचलेल्या नावात यंत्र कोणता उचलेल याचा नेम नाही, आणि वाचकही तिथेच अडखळणार. अशी नावं मी सरळ बदलते.

विराम फुकट आवाजातही अपुराच आहे. पण फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधल्या ‘सिलेक्ट टू स्पीक’ने एकेक परिच्छेद निवडून ऐकता येतो, मधली शांतता आपल्या हातात राहते. छोट्या कथेला तेवढं पुरतं. वर्गणी मी बंद केली आहे. कुणी घेतलीच असेल तर ध्यानात ठेवा, ॲप डिलीट केल्याने ती थांबत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावी लागते, तीही पुढची तारीख यायच्या आत.